ऐंशी आणि वीस वेगळे छापा : राज्य शिक्षण मंडळास खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे
आणि
संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे

विषय : दहावीच्या गुणपत्रिकेत लेखी व अंतर्गत गुण स्वतंत्र दाखवणे, आणि पहिलीपासून दहावीपर्यंतच्या मूल्यमापनाचे भारांश जुळवणे.

महोदय / महोदया,

राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के लागला, २०१९ मध्ये ७७.१०, २०२० मध्ये ९५.३० आणि २०२१ मध्ये ९९.९५. नुसते आकडे पाहिले तर २०१९ ची मुले कच्ची आणि २०२१ ची असामान्य ठरतील. शाळेशी संबंध असलेला कोणीही माणूस असे म्हणणार नाही, कारण त्या त्या वर्षी नियम बदलले होते हे त्याला ठाऊक असते. पण आठ-दहा वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीत समोर बसणाऱ्याला ते ठाऊक नसते. त्याच्या हातात गुणपत्रिका असते, आणि ती कोणत्या नियमाने तयार झाली याचा तिच्यावर मागमूस नसतो.

आम्ही दहावीच्या उत्तरपत्रिका तपासणारे परीक्षक, नियामक आणि प्राथमिक शाळांत आकारिक, म्हणजे वर्षभराच्या वर्गकामाच्या, नोंदी लिहिणारे शिक्षक आहोत. परीक्षा सोपी करावी की अवघड, या वादात आम्हाला पडायचे नाही. मागणी एवढीच आहे की गुण कशाचे आहेत, मंडळाच्या लेखी परीक्षेच्या ८० पैकी किती आणि शाळेने दिलेल्या अंतर्गत २० पैकी किती, ते कागदावर दिसावे.

आधी २०१९ चे पाहू. २०१८-१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांचे २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन काढून टाकले. गणित आणि विज्ञानाचे २० गुण तसेच राहिले. त्याच वर्षी दहावीचा अभ्यासक्रम नवा होता आणि भाषांना कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नांऐवजी कृती देणारी प्रश्नपत्रिका, लागू झाली होती. निकाल बारा टक्क्यांहून जास्त खाली आला. १०० टक्के मिळवणारे विद्यार्थी आदल्या वर्षी १२५ होते, ते २० वर आले. इतर मंडळांची मुले अकरावीच्या जागा घेऊन जाणार अशी ओरड झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये वीस गुण परत आले. मार्च २०२० च्या परीक्षेत १०० टक्केवाले २४२ झाले. अर्थात २०२० ची उडी सगळी वीस गुणांची नव्हे. टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीने दिले गेले होते. तरीही, जे मूल २०१९ ला मराठीत १०० पैकी ७० मिळवून गेले आणि जे २०२० ला ८० अधिक २० मधून ७० मिळवून गेले, त्या दोघांच्या गुणपत्रिका शेजारी ठेवल्या तर फरक शोधून सापडत नाही. २०२१ ची तऱ्हा आणखी वेगळी. परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाला ५०, दहावीतल्या शाळेच्या लेखी मूल्यमापनाला ३० आणि अंतर्गत-प्रात्यक्षिकाला २० असा भारांश ठरला आणि ९५७ मुलांना १०० टक्के मिळाले. परीक्षेची ही उणीव भरून काढायला अकरावीसाठी २१ ऑगस्टला सीईटी म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा ठरली होती, ती उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला रद्द केली.

आता उत्तीर्णतेचे गणित. विषयात पास व्हायला १०० पैकी ३५ लागतात आणि ते लेखी व अंतर्गत मिळून मोजले जातात. अंतर्गतमध्ये २० पैकी २० पडले तर लेखीत ८० पैकी १५ पुरतात, म्हणजे पावणेएकोणीस टक्के. गणित आणि विज्ञानाला एकत्रित उत्तीर्णतेची सोय आहे : दोन्ही मिळून ७० आणि प्रत्येकात किमान २५. एखाद्या मुलाला विज्ञानात ४५ असतील आणि गणिताच्या अंतर्गतमध्ये १८, तर बीजगणित आणि भूमिती या दोन्ही पेपरांत मिळून ८० पैकी ७ गुण आणून तो गणितात उत्तीर्ण होतो. सवलत असण्याला आमचा विरोध नाही. गणितासाठी मुलाचे सगळे वर्ष बुडावे असे कोणाला वाटेल? पण ७ गुणांचे गणित घेऊन तो आयटीआयला किंवा अकरावी वाणिज्यला जातो, तेव्हा तिथल्या शिक्षकाला हे दिसले तर तो पहिल्या महिन्यात अपूर्णांक आणि शेकडेवारी पुन्हा घेईल. आज त्याला फक्त २५ दिसतात, आणि त्यातले १८ शाळेने दिलेले आहेत हे कळत नाही.

या ऐंशी आणि वीस गुणांना मिळणारी वागणूकही किती वेगळी आहे पाहा. लेखी उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो. ती दुसऱ्या शाळेतल्या परीक्षकाकडे जाते, त्याच्यानंतर नियामक तिच्यातला काही भाग पुन्हा पाहतो, वर मुख्य नियामक असतो. निकालानंतर मुलाला शंका आली तर विषयाला ५० रुपये भरून गुणपडताळणी, ४०० रुपयांत छायाप्रत आणि ३०० रुपयांत पुनर्मूल्यांकन मिळते. वीस गुणांना यातले काहीच नाही. विषयशिक्षक गुण भरतो, मुख्याध्यापक सही करतात, प्रकरण संपले. छायाप्रत कशाची मागणार? तोंडी परीक्षेचा कागदच नसतो. शिक्षकावर शाळेच्या निकालाचे दडपण असते, शेजारची शाळा वीसपैकी वीस देते हे त्याला माहीत असते, आणि एखाद्याला १२ दिले तर पालक दारात येतात. मग सगळ्या वर्गाचे गुण १७ ते २० च्या पट्ट्यात गोळा होतात. खरेच चांगले ऐकणारी, बोलणारी मुलगी आणि वर्गात तोंड न उघडणारा मुलगा यांच्यात दोन गुणांचाही फरक राहत नाही. भाषेचे अंतर्गत मूल्यमापन श्रवण आणि भाषणासाठी आणले होते, कारण लेखीत ती कौशल्ये मोजताच येत नाहीत. हेतू उत्तम होता, पण सगळ्यांना सारखेच गुण मिळाले की मापन संपते.

लेखीतही सगळ्या विषयांचे गुण एका वजनाचे नसतात, हे इथे सांगून टाकतो. प्रथम भाषेच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन ६, भाषाभ्यास १६ आणि उपयोजित लेखन २४ अशी विभागणी आहे. यातल्या स्वमताच्या कृतींना ठरावीक उत्तर नसते, आणि ते योग्यच आहे. पण तपासताना परीक्षक सहसा मधला गुण देतो, अगदी कमी द्यायला धजत नाही. भूमितीत सिद्धतेची पहिली पायरी चुकली तर पुढच्या पायऱ्यांचे गुण जातात. म्हणून मराठीतले ८५ आणि गणितातले ८५ यांची बेरीज करणे सोयीचे असले तरी ते दोन आकडे सारख्या कष्टाचे नसतात.

आणि ती बेरीज तरी कशी होते? २००८ मध्ये अकरावी प्रवेशासाठी राज्याने पर्सेंटाइल, म्हणजे शंभरात किती जण आपल्या मागे आहेत याचे, सूत्र आणले, ते न्यायालयात टिकले नाही. २००९ मध्ये राज्य मंडळाच्या मुलांसाठी ९० टक्के जागा ठेवल्या, तेही टिकले नाही. २०१० मध्ये 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आले. जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि जुलैअखेर सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. तेव्हापासून टक्केवारी सहापैकी चांगल्या पाच विषयांची, ५०० पैकी निघते. एक उदाहरण घ्या. मराठी ९२, हिंदी ८४, इंग्रजी ९५, गणित ७१, विज्ञान ८८, सामाजिक शास्त्रे ९०. सहा विषयांचे ५२० होतात, ६०० पैकी ८६.६७ टक्के. गणित वगळले की ४४९, म्हणजे ८९.८०. आता याच मुलाचे गणिताचे ७१ पुसून तिथे ३६ लिहा. सहा विषयांची टक्केवारी ८०.८३ वर उतरते, पण बेस्ट ऑफ फाइव्ह ८९.८० वर जागची हलत नाही. विज्ञान शाखेची गुणवत्ता यादी या ८९.८० वर लागते. शिवाय चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा, खेळ, शास्त्रीय संगीत-नृत्य आणि लोककला यांचे वाढीव गुण असतात. १०० टक्क्यांच्या यादीत तेही धरलेले असतात. २०२२ मध्ये १२२, २०२३ मध्ये १५१, २०२४ मध्ये १८७ आणि २०२५ मध्ये २११ मुलांना १०० टक्के मिळाले. मंडळाने 'बोर्डात पहिला' ही गुणवत्ता यादी मुलांवरचा ताण कमी व्हावा म्हणून बंद केली होती. तिची जागा आता शाळांच्या फ्लेक्सवरच्या शंभर टक्क्यांनी घेतली आहे.

या सगळ्या बदलांत श्रेणीचे पट्टे मात्र तेच राहिले : ७५ ला विशेष प्रावीण्य, ६० ला प्रथम श्रेणी, ४५ ला द्वितीय, ३५ ला उत्तीर्ण. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ ची. पुढे शालान्त परीक्षा आली, १९६६ मध्ये आजचे मंडळ आले, १९७५ मध्ये अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली. घरातल्या आजोबांच्या 'फर्स्ट क्लास'ची आणि नातवाच्या प्रथम श्रेणीची म्हणूनच जेवणाच्या ताटावर तुलना होते आणि नातू हरतो. त्याच्या बाजूने बोलायला त्याच्या गुणपत्रिकेवर काहीही नसते.

आता परिषदेकडे वळतो, कारण घोळाची अर्धी मुळे पहिली ते आठवीत आहेत.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. वर्षभर वर्गात चालणारे आकारिक आणि सत्राअखेरच्या परीक्षेचे संकलित असे दोन भाग झाले. पहिली-दुसरीला त्यांचा भारांश, म्हणजे शंभरातला वाटा, ७० व ३०, तिसरी-चौथीला ६० व ४०, पाचवी-सहावीला ५० व ५०, सातवी-आठवीला ४० व ६०. मूल मोठे होईल तसे लेखीचे वजन वाढावे, हा विचार चुकीचा नाही. त्याचा परिणाम मात्र पालकांना कोणी समजावून सांगितला नाही. समजा एक मूल दर वर्षी आकारिकात ९० टक्के आणि संकलितात ५० टक्के अशीच कामगिरी करते, तसूभर वर-खाली होत नाही. दुसरीत त्याला ७८ पडतील, चौथीत ७४, सहावीत ७०, आठवीत ६६. श्रेणीत सांगायचे तर ब-१, ब-१, ब-२, ब-२. नववीत गेले की ८०-२० सुरू होते आणि तेच मूल ५८ वर येते. पालक म्हणतात, पोरगं हायस्कुलात गेल्यावर बिघडलं. वास्तविक ते जसे होते तसेच आहे, वीस गुणांची घसरण सूत्राची आहे.

श्रेणींचे पट्टेही बहुतेक दहा-दहा गुणांचे. ९१ ला अ-१, ९० ला अ-२. खालच्या टोकाला ३३ ते ४० ड, २१ ते ३२ ई-१ आणि २० व त्याखाली ई-२. ई श्रेणीच्या मुलाला जादा मार्गदर्शन करून वर आणायचे, असा नियम होता. प्रत्यक्षात ई दिली की खुलासा आणि जादा तासांच्या नोंदी शिक्षकालाच लिहाव्या लागतात, म्हणून ई श्रेणी प्रगतिपुस्तकांतून जवळजवळ नाहीशी झाली. ज्या मुलांसाठी ही श्रेणी ठेवली होती तीच मुले तिच्यात दिसत नाहीत. आता शासनाने ७ डिसेंबर २०२३ च्या निर्णयाने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, ३५ टक्क्यांची अट आणि फेरपरीक्षा आणली आहे. चौथीपर्यंत कधीही ई न दिसलेले मूल पाचवीच्या लेखी परीक्षेत अडकले तर पालकांना धक्का बसणारच.

आकारिक मूल्यमापनाची तंत्रे आठ आहेत : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. कागदावर ही यादी उत्तम आहे. ४० मुलांचा वर्ग, ९ विषय आणि दोन सत्रे धरली तर एका वर्गशिक्षकाच्या वाट्याला ७२० वर्णनात्मक नोंदी येतात, विशेष प्रगती आणि सुधारणा आवश्यक हे रकाने वेगळेच. मग तयार नोंदींच्या फायली मोबाइलवरून फिरतात आणि 'कविता तालासुरात म्हणतो' हे वाक्य अख्ख्या तालुक्यातल्या मुलांना लागू होते. समग्र प्रगतिपत्रक येऊ घातले आहे. तेही याच वाटेने जाऊ नये असे वाटत असेल तर नोंदींची संख्या कमी करा. एका सत्रात एका मुलाबद्दल तीन खऱ्या नोंदी, पुराव्याच्या एका कागदासह, एवढे पुष्कळ झाले.

मंडळाकडे आमचे मागणे असे. गुणपत्रिकेत विषयासमोर तीन रकाने छापावेत : लेखी, अंतर्गत, एकूण. शाळा अंतर्गत गुण स्वतंत्रपणेच पाठवतात, म्हणजे माहिती मंडळाकडे आजही आहे आणि जादा काम फक्त छपाईच्या मांडणीचे आहे. सहा विषयांची टक्केवारी आणि पाच विषयांची टक्केवारी, दोन्ही द्याव्यात. परीक्षा ज्या योजनेने झाली तिची एक ओळ तळाशी असावी, उदाहरणार्थ 'लेखी ८०, अंतर्गत २०, उत्तीर्णता एकत्रित'. सवलतीने उत्तीर्ण झालेल्या मुलाच्या कपाळावर शिक्का मारा असे आम्ही म्हणत नाही. रकाने सगळ्यांनाच असतील.

दुसरे, प्रत्येक विषयाच्या फक्त लेखी गुणांचे पर्सेंटाइल छापावे. एमएचटी-सीईटीमुळे हा शब्द आता घरोघरी माहीत आहे. काढण्याची रीत साधी : त्या विषयात आपल्याहून कमी गुण असलेले विद्यार्थी, अधिक आपल्याइतकेच गुण असलेल्यांपैकी निम्मे, भागिले एकूण परीक्षार्थी, गुणिले शंभर. मराठीत ८० पैकी ६८ मिळवणारा आणि गणितात ८० पैकी ६८ मिळवणारा यांची जागा वेगळी आहे हे त्यातून आपोआप दिसेल. सीबीएसईची श्रेणी अशाच तत्त्वावर चालते. तिथे उत्तीर्ण मुलांची गुणांनुसार रांग लावून वरच्या एक अष्टमांशाला ए-१, पुढच्या एक अष्टमांशाला ए-२ अशी वाटणी होते. आम्हाला अष्टमांशही नको, कारण काठावरच्या मुलाला एका गुणाने श्रेणी गमवावी लागते आणि अ-१, अ-२ चेच दुखणे पुन्हा येते. २००८ चे सूत्र न्यायालयात अडकले म्हणून पर्सेंटाइलला हात लावायचा नाही, अशी भीती असेल तर ती अनाठायी आहे. ते सूत्र प्रवेशासाठी आणि वेगवेगळ्या मंडळांच्या तुलनेसाठी होते. आम्ही एकाच मंडळाच्या, एकाच परीक्षेतल्या माहितीबद्दल बोलत आहोत. प्रवेश हव्या त्या नियमाने द्या.

तिसरी गोष्ट वीस गुणांच्या तपासणीची. प्रत्येक शाळेत जाऊन तोंडी परीक्षा पाहणे शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. शाळेचे अंतर्गत सरासरी टक्के आणि त्याच मुलांचे लेखी सरासरी टक्के यांतले अंतर विषयवार काढा. समजा साठ मुलांच्या शाळेत अंतर्गत सरासरी २० पैकी १८.६ आहे, म्हणजे ९३ टक्के, आणि लेखी ८० पैकी ३४, म्हणजे ४२.५ टक्के. अंतर पन्नासच्या वर जाते. विभागीय मंडळाने सगळ्या शाळा या अंतराच्या क्रमाने लावाव्यात आणि सर्वांत वरच्या काही शाळांत पुढच्या वर्षी बाहेरचा परीक्षक पाठवावा. मुलांचे गुण कापू नयेत. शाळेने सैल हाताने गुण दिले तर त्यात मुलाचा दोष काय? २०२१ मध्ये परीक्षा नसताना सीबीएसईने शाळेच्या मागच्या तीन वर्षांतला सर्वांत चांगला निकाल आधार धरून गुणांना चौकट घातली होती. त्या पद्धतीत प्रामाणिक शाळेची हुशार तुकडीही जुन्या निकालाला बांधली जाते, म्हणून ती आम्ही सुचवत नाही. आधी अंतर मोजा, प्रसिद्ध करा. बाहेरचा माणूस येणार हे कळले की गुण आपसूक पसरायला लागतील.

परिषदेने सहावी ते नववीचे भारांश एका उतारावर आणावेत. आठवीत ४०-६० आणि नववीत एकदम २०-८० ही उडी मोठी आहे. सातवीला ४०-६०, आठवीला ३०-७० आणि नववीला २०-८० केले तरी आठवीतून नववीत जाताना वरच्या उदाहरणातल्या मुलाचे आठऐवजी चारच गुण उतरतील. प्रगतिपुस्तकावर आकारिक आणि संकलित टक्केही वेगवेगळे लिहावेत, म्हणजे पालक दोन्ही आकडे दर वर्षी ताडून पाहू शकतील.

राहिले वेळेचे. बेस्ट ऑफ फाइव्हचा निर्णय फेब्रुवारी २०१० मध्ये, लेखी परीक्षा तोंडावर आलेली असताना झाला. वीस गुण परत आले ते ऑगस्ट २०१९ मध्ये, म्हणजे शाळा सुरू होऊन जवळजवळ दोन महिने झाल्यावर. तोवर शिक्षकांनी १०० गुणांच्या आराखड्यावर वर्षाचे नियोजन केलेले होते आणि बाजारातली सरावपुस्तकेही त्याच आराखड्याची होती. मूल्यमापन योजनेतला कोणताही बदल तो लागू होण्याआधीच्या ३१ मार्चपूर्वी जाहीर व्हावा आणि त्या वर्षी नववीत नव्याने येणाऱ्या तुकडीपासून लागू व्हावा, दहावीत बसलेल्यांना नाही. नमुना गुणपत्रिका आणि नमुना कृतिपत्रिका त्याच दिवशी संकेतस्थळावर ठेवाव्यात. पुढच्या परीक्षेच्या गुणपत्रिकेची मांडणी अजून छपाईला गेली नसेल तर तीन रकान्यांची सुरुवात तिथूनच करता येईल.

आपले,
दहावीचे काही परीक्षक, नियामक आणि प्राथमिक शिक्षक